दोन चॅनल मोकळी ठेवायला सांगा

बर्लिन, रविवार

ती. आईबाबांना साष्टांग नमस्कार. आजीलाही नमस्कार. तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, कराचा भाग गाळलात तरी चालेल.

मी मजेत आहे. थंडी, जेवण, घरमालकीण हे सगळं फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पत्र मुद्दाम लिहितेय, कारण फोनवर बाबा "पण" म्हणतात आणि मग माझा मुद्दा अर्धाच राहतो.

आधी 'जोडी' या शब्दाचं. "आमच्या जोडीला उन्हाळ्यात सहा कामं मिळाली" असं मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन, की मुलगा कोण आणि करतो काय. आत्याला सांगा, ही शंकर-जयकिशन यांच्यासारखी संगीताची जोडी. आम्ही दोघं इथल्या नाचाच्या क्लबांत टेक्नो, म्हणजे यंत्रांवरचं ठेक्याचं संगीत, वाजवतो. त्यांना कुणी मुहूर्त विचारला नव्हता. गैरसमज नको म्हणून यापुढे साथीदाराला मी 'भिडू' लिहीन.

बाबांचा प्रश्न वेगळा आहे: भागीदारीत बिनसलं तर? इथला कायदा असा, की दोघांनी मिळून एका कामातून पैसे मिळवायला सुरुवात केली की कागद नसला तरी भागीदारी झालीच. तिला 'गे-बे-एर' म्हणतात. देणं थकलं तर दोघांपैकी कुणाच्याही खिशातून पूर्ण वसूल होऊ शकतं. म्हणून कागद केला आहे, आणि त्यात बाबांना हवं ते सगळं आहे. एकजण सोडून गेला तर जोडीचं नाव कोण वापरणार, कोणतं यंत्र कुणाच्या पैशाचं, जोडीचं बँक खातं वेगळं, आणि ठरावीक रकमेच्या वरच्या करारावर दोन सह्या. प्रत्येक रचनेचे हक्क अर्धे-अर्धे, मग त्या दिवशी मेहनत कुणाचीही असो. रचना पुरी होते त्याच दिवशी तसं लिहून तारीख टाकायची. सहा महिने गेले की दोघांनाही वाटतं, बेसची ओळ आपणच सुचवली होती. मोडलेल्या बहुतेक जोड्यांचं भांडण इथूनच सुरू झालेलं असतं.

"विमा नाही, पेन्शन नाही" हेही आता बोलायचं नाही. स्वतंत्र कलाकारांसाठी इथे १९८३ पासून कलाकारांची सामाजिक विमा संस्था आहे, तिला केएसके म्हणतात. आरोग्य, पेन्शन आणि म्हातारपणीची शुश्रूषा, तिन्हींचा हप्ता नोकरदारासारखा निम्मा मी भरते. उरलेल्या निम्म्यात एकूण हप्त्याचा ३० टक्के भाग कलाकारांना काम देणाऱ्या कंपन्यांकडून येतो आणि २० टक्के सरकारकडून. अट एवढीच की कलेतून वर्षाला ३,९०० यूरोंहून जास्त नफा हवा, आणि सुरुवातीच्या तीन वर्षांत तीही माफ. चूक होते ती अंदाजात. पुढच्या वर्षी किती मिळेल हे आपणच आधी कळवायचं असतं आणि हप्ता त्यावर ठरतो. हप्ता वाचावा म्हणून आकडा कमी लिहिला तर पेन्शनही तेवढीच कमी साठते, आणि पुढे तपासणीत तफावत निघाली तर उत्तर द्यावं लागतं.

बाबा याला "क्लबातलं काम" म्हणतात. २०२० साली इथल्या केंद्रीय कर न्यायालयाने मान्य केलं की टेक्नोचा कार्यक्रम मैफलीसारखा असू शकतो, म्हणजे तिकिटावर १९ ऐवजी ७ टक्के कर. २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही गेला. आणि "हे आपलं नव्हे" म्हणाल तर १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वाद्यवृंदातल्या वादकाने रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही ताल आणि सूर काढणारी यंत्रं घेऊन राग वाजवले होते. ३०३ चा तो गुळगुळीत, वळणारा आवाज शिकागोत गाजायला आणखी पाच वर्षं लागली. ती तबकडी तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि उतारवयात त्यांना युरोपातून बोलावणी आली. अठ्ठावीस वर्षं थांबा असं मी म्हणत नाहीये, बाबा.

आता व्हिडिओ. "एकही व्हिडिओ पाठवत नाहीस, म्हणजे काहीतरी लपवतेस" हे आईचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर सांगते. इथल्या बऱ्याच क्लबांच्या दारात फोन मागतात. घाबरू नकोस, ठेवून घेत नाहीत. मागच्या कॅमेऱ्यावर एक छोटा गोल स्टिकर, पुढच्यावर दुसरा, आणि फोन परत. दोन फोन असतील तर चार स्टिकर. आत कुणी स्टिकर काढून फोटो घेताना दिसला की बाहेर काढतात, वाद घालायची सोय नाही. कारण विचारलं तर म्हणतात, कॅमेरा असला की माणसं कॅमेऱ्यासाठी नाचतात. शिवाय सोमवारी बँकेत बसणाऱ्या माणसाला शनिवारचा आपला चेहरा साहेबाच्या फोनवर नको असतो. वाजवणाऱ्यांनाही नियम तोच, आमच्याही फोनवर स्टिकर. सकाळी बाहेर पडताना लोक ते काढून विजेच्या खांबाला चिकटवतात, त्यामुळे जवळपासचे खांब देवी आल्यासारखे दिसतात. आजी विचारेल, काचेला गोंद राहतो का. नाही राहत. गंमत अशी, की हेच लोक रविवारी भिंतीत ड्रिल चालवत नाहीत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून काचेच्या बाटल्याही कुंडीत टाकत नाहीत, आणि त्याच रविवारी क्लब मात्र शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत चालू.

धंद्याला याचा तोटा आहे. काम देणारे व्हिडिओ मागतात, तो मग रिकाम्या स्टुडिओत वेगळा करावा लागतो. आवाज मात्र नेता येतो. सगळ्या यंत्रांचा आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या रेकॉर्ड आउटपुटला छोटा रेकॉर्डर लावायचा, २४ बिट दर्जावर, आणि पातळी कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली, कारण पहाटेपर्यंत सगळ्यांचेच हात वर सरकतात. तोच आवाज तुम्हाला पाठवला होता, ज्याला बाबा "पंप चालू राहिलाय" म्हणाले.

रात्री तीनची वेळ देतात म्हणजे हलकं काम, असंही नाही. गर्दीच एकनंतर भरते, तीन ते पाच ही मानाची वेळ. मी संध्याकाळी सातला झोपून बाराला उठते. कानांचं म्हणाल, तर १०० डेसिबलला उघडा कान पंधरा मिनिटंच सुरक्षित मानतात, म्हणून कानाच्या मापाचे फिल्टर करून घेतले आहेत. आवाज पंचवीस डेसिबलने उतरतो आणि सूर कळतात.

आणि "बटणं दाबायला दोघं कशाला" याचं उत्तर. एक यंत्र ताल धरतं, बाकीची त्याच्या मागे चालतात. ठेका मोजायला ते प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवतं. मिनिटाला १२८ मात्रांच्या लयीत मात्रा ४६९ मिलिसेकंदांची. दोन यंत्रं एकमेकांना ताल देऊ लागली की लय लडखडते, म्हणून धनी एकच ठेवायचा. याहून जास्त छळते ती भुणभुण. वाजवायच्या आधीच स्पीकरमधून 'म्ऽऽऽ' येतं, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतलं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा. थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेलेत. मग सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यायचं. तरी राहिली तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज पुढे जातो पण विजेची थेट जोडणी तुटते अशी डबी) घालून त्याचं अर्थ तोडायचं बटण दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन कधीही कापायची नाही, काही ठिकाणी लोक कापतात. एकजण हे खाली वाकून शोधत असताना दुसऱ्याने वर हात चालू ठेवायचे असतात, म्हणून दोघं.

आता तबकडी, कारण पैशाचा विषय तिच्यापाशीच येतो. ३०० प्रती काढतोय, बारा इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने, एका बाजूला अकरा मिनिटं. याहून लांब केली तर खाचा दाटतात आणि आवाज उतरवावा लागतो. खर्ज मधोमध ठेवावा लागतो. डावी-उजवीकडे वेगळा ठेवला तर सुई वर-खाली होते, खाच उथळ पडते आणि सुई उडते. झांजांसारखे तीक्ष्ण आवाज बाहेरच्या कडेला घ्यायचे. आत जाताना वर्तुळ लहान होतं, एका फेरीत सुईखालून निम्म्याहून कमी लांबी जाते आणि तीक्ष्ण आवाज फाटतो. छापखान्यातून आधी पाच चाचणी प्रती येतात. 'टक्' एकाच प्रतीत असेल तर ती प्रत वाईट. पाचही प्रतींत त्याच जागी असेल तर साचाच वाईट, तेव्हा मंजुरीची सही करायची नाही. मधलं भोक किंचित सरकलं असेल तर लांब सूर प्रत्येक फेरीला डुलतो. आमच्या दुसऱ्या बाजूला नेमकं तेच झालं, साचा परत गेला आणि सहा आठवडे गेले. याच शहरात बेसिक चॅनल या जोडीने स्वतःचं लेबल काढलं, १९९५ मध्ये खाच कापणारा कारखानाही उभा केला, आणि हार्ड वॅक्स हे तबकड्यांचं दुकान त्यांच्यातल्याच एकाने १९८९ मध्ये सुरू केलेलं. हे त्यांनी का केलं असेल, ते आता कळतंय.

छपाईचे पैसे आधी भरायचे असतात आणि वितरक विक्रीनंतर काही महिन्यांनी देतो. इंटरनेटवर ऐकल्याचे पैसे म्हणाल, तर स्पॉटिफायवर वर्षात हजारदा न ऐकल्या गेलेल्या रचनेला २०२४ पासून काहीच मिळत नाही. आधार कार्यक्रमांचाच. १००० यूरोंतले १५ टक्के बुकिंग एजंटचे, उरलेल्या ८५० मधले माझे ४२५, त्यातून विमा आणि कर. उपाशी नाहीये. फक्त पैसे येतात ते उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर.

म्हणून दादाच्या लग्नाचं. कार्यक्रमाचा करार जानेवारीत झाला, लग्नाचा मुहूर्त मार्चमध्ये ठरला. आम्ही रद्द केलं तर माझ्याबरोबर भिडूचंही मानधन जातं, आणि प्रवासखर्च आम्ही भरायचा. शनिवारी रात्री दोन ते चार वाजवायचंय, रविवारी दुपारी विमान, वाटेत एक बदल, सोमवारी पहाटे मुंबई. मुहूर्ताला नक्की पोहोचते. करवली म्हणून मागे मीच उभी राहणार, ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. हळदीला मात्र नसेन. दादाला मी अजून सांगितलेलं नाही, आई, तू सांग.

आणि दीड लाख कबूल केले होते, आत्ता पंचाहत्तर हजार पाठवतेय. उरलेले सप्टेंबरमध्ये. "पैशाचं राहू दे, तू चार दिवस आधी ये" असं तू म्हणाली होतीस. माझ्याकडून दोन्ही अर्धंच होतंय. साडी निळी चालेल, मोजमाप जुनंच आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. रिसेप्शनला वीस मिनिटं वाजवेन, नवरीकडच्यांना विचारून घ्या. व्हिडिओ हवे तेवढे काढा. हॉलच्या साउंडवाल्याला सांगा, मिक्सरवर दोन चॅनल मोकळी आणि सहा-सहा मीटरच्या दोन एक्सएलआर केबल, माईकला लावतात तशा. डीआय बॉक्स मी आणते. दिव्यांच्या माळा ज्या बोर्डावर आहेत, तिथली वीज नको.