सातबारा दाखवला, फेरफार राहिला

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिम भागात जाऊन वसलेल्या शेतकऱ्यांवरील लेख मी दोनदा वाचला. नेब्रास्कातील डॅनियल फ्रीमन या पहिल्या ‘होमस्टेडर’विषयी, म्हणजे सरकारी जमिनीवर वसून ती स्वतःच्या नावे करून घेणाऱ्या शेतकऱ्याविषयी, त्यात आदराने लिहिले आहे आणि तो आदर योग्यच आहे, परंतु त्याने ‘निर्मनुष्य माळरान’ वसवले, हे विधान दुरुस्त व्हावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्यात जमिनीचे कागद हाताळण्यात गेली. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे लिंकन शहरी गेलो असताना, तेथून दक्षिणेला बीॲट्रिस गावाजवळ असलेली आणि 1936 मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालेली फ्रीमनची जमीन मी मुद्दाम पाहून आलो.

20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार, 21 वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला 160 एकर सरकारी जमीन मिळत असे, आणि अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही तो हक्क होता. पाच वर्षे जमिनीवर राहायचे, ती कसायची आणि सगळे मिळून 18 डॉलर शुल्क भरायचे, या मुख्य अटी होत्या. कायदा 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला. फ्रीमनने ब्राउनव्हिल येथील भूमी कार्यालय मध्यरात्रीनंतर लगेच उघडायला लावून अर्ज दिला, ही गोष्ट तेथे मोठ्या प्रेमाने सांगतात. मला मात्र त्याहून त्याने केलेली जमिनीची निवड अधिक बोलकी वाटली. सरळ चौकोनी तुकडा न मागता त्याने कब क्रीक या ओढ्याच्या आसपासचे, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे क्षेत्र मागितले, कारण पाणी होते ते ओढ्याला आणि झाडे होती ती ओढ्याकाठी. ज्यांच्या वाट्याला नुसते गवताळ माळ आले, त्यांनी मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरे बांधली आणि चुलीत वाळलेले शेण जाळले. गोवऱ्यांवर स्वयंपाक झालेल्या घरात वाढलेल्या माणसाला ते दिवस वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पाच वर्षांनी, 1868 मध्ये, अटी पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून फ्रीमनच्या दोन शेजाऱ्यांनी दिलेली साक्ष हा माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातील सर्वांत मौल्यवान कागद आहे. घर 14 बाय 20 फूट, काही भाग ओंडक्यांचा व काही फळ्यांचा, दोन दारे, दोन खिडक्या. सुमारे 35 एकर जमीन नांगरून कुंपण घातलेली. तबेला, 100 फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याची कणगी, सफरचंदाची 40 आणि पीचची सुमारे 400 झाडे. इतका नेटका पंचनामा माझ्या नोकरीतही क्वचितच पाहायला मिळाला. मात्र 1865 मध्ये लग्न होऊन आयोवातून या ओढ्याकाठी आलेल्या ॲग्नेसचे काम त्यात कोठेही मोजलेले नाही, आणि आपल्या लेखातही ते नाही. सभोवार गवताळ माळ पसरलेल्या ठिकाणी दोन खोल्यांपुरत्या जागेत जिने संसार उभा केला, तिच्यावर चार ओळी यायला हव्या होत्या.

आता मुख्य मुद्दा. सातबारा वाचणारा माणूस मागचे फेरफार पाहिल्याशिवाय थांबत नाही. फ्रीमनच्या मुलखाचा एक मोठा फेरफार 1854 चा आहे. त्या वर्षीच्या करारान्वये ओटो आणि मिझुरिया या मूळ रहिवासी जमातींकडून मिझुरी नदीच्या पश्चिमेकडील त्यांची भूमी अमेरिकी सरकारने घेतली आणि त्यांना बिग ब्लू नदीवर सुमारे 10 मैल रुंद व 25 मैल लांब एवढे राखीव क्षेत्र ठेवले. कब क्रीक याच बिग ब्लूला मिळतो. म्हणजे फ्रीमन आपली पाच वर्षे भरत होता, तेव्हा त्या भूमीचे पहिले लोक फ्रीमनची जमीन असलेल्याच गेज परगण्याच्या दक्षिण भागात, त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहत होते. पुढे तेही क्षेत्र विकले गेले आणि 1881 मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. मूळ रहिवाशांना स्वतः होमस्टेड मागण्याची मुभा 1875 मध्ये मिळाली, आणि तीही आपल्या जमातीशी असलेला संबंध सोडण्याच्या अटीवर. या कायद्याखाली एकूण सुमारे 16 लाख लोकांना 27 कोटी एकर जमीन मिळाली. तिच्या मागेही आधीच्या वहिवाटदारांचा असाच इतिहास आहे. किंबहुना ‘नेब्रास्का’ हे नावच ओटो भाषेतील ‘सपाट पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. ज्या मुलखाचे नाव तेथील माणसांनी ठेवले, तो निर्मनुष्य कसा म्हणावा?

यामुळे फ्रीमनच्या कष्टांना उणेपणा येत नाही. तो हक्काच्या बाबतीत मुळातच चिवट होता. उतारवयात त्याने सरकारी शाळेतील बायबलवाचन आणि प्रार्थनेविरुद्ध दावा लावला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाकडून तो जिंकला. आपल्या लेखात याचा एका वाक्यात उल्लेख आहे, त्याऐवजी त्यावर एक परिच्छेद असता तर मला अधिक आनंद झाला असता.

पुढील अंकात ‘निर्मनुष्य’ हा शब्द दुरुस्त करावा आणि 1854 च्या करारावर निदान अर्धा स्तंभ द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा