आठवीच्या दिवाळीनंतर पोरी कुठे जातात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण शाळांतल्या मुली खेळात का टिकत नाहीत, यावर वर्तमानपत्रांतून अधूनमधून लिहून येतं आणि उत्तरही ठरलेलं असतं: मैदानं नाहीत, साहित्य नाही, निधी नाही, पुढे दहावीचं वर्ष. यातलं एकही कारण खोटं नाही. पण मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, खो-खोचे संघ तयार करते. आमच्याकडे मैदान आहे, दोन्ही खुंट पक्के रोवलेले आहेत, संस्थेचा विरोध नाही. तरीही सहावीत असताना पहाटे अंधारात सरावाला येऊन उभ्या राहणाऱ्या पोरींतल्या निम्म्या आठवीच्या दिवाळीनंतर दिसेनाशा होतात. त्यांना मैदानाबाहेर काढते ती लाज. मुलांचंही वेगळं नाही. फक्त मुलं लाज दांडगाईखाली झाकतात, म्हणून ती आम्हा शिक्षकांच्या लक्षात येत नाही.

आमचा जिल्हा खो-खोचा. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा आमच्या पोरींनी एका मोबाइलभोवती कोंडाळं करून तो सामना पाहिला. दुसऱ्या दिवशी सरावाला नेहमीपेक्षा जास्त पोरी होत्या. आठवडाभरात पुन्हा होत्या तेवढ्याच. आदर्श दाखवले की मुलं खेळतात, असं भाषणांत फार सांगितलं जातं. आदर्श मुलांना मैदानाच्या कडेपर्यंत आणतो. आत आल्यावर काय होतं, ते कुणी पाहत नाही.

आधी पांढऱ्या गणवेशाचं सांगते. शनिवारी सकाळची शाळा, कवायत आणि त्यासाठी पांढरा ड्रेस, ही पद्धत कितीतरी शाळांत आजही आहे. शनिवारीच माझ्याकडे सर्वांत जास्त पोरी पोटात दुखतंय म्हणून सावलीला बसायची परवानगी मागायला येतात. काहींचं खरंच दुखत असतं. पण पुष्कळ जणींना दुखत काही नसतं, डाग पडेल याची धास्ती असते. वारंवार ओढणी नाहीतर कुडत्याचा मागचा भाग चाचपणारी पोर पळतीत खेळूच शकत नाही. तिचं अर्धं लक्ष पाठीमागे असतं. विम्बल्डन म्हणजे पांढऱ्या कपड्यांचं सोवळं कडक पाळणारी स्पर्धा. तिथेही २०२३ पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाच्या आखूड चड्ड्या घालायची मुभा दिली गेली, ती याच कारणासाठी. तिकडचं सोवळं सुटलं, आमच्या शाळांचं सुटेना. पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानूचं पदक एका किलोनं हुकलं. तेव्हा ती पत्रकारांसमोर सरळ म्हणाली की तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. सगळ्या देशानं ते ऐकलं. इकडे आजूबाजूच्या बहुतेक शाळांत क्रीडाशिक्षक पुरुष आहेत आणि तेरा वर्षांची पोर त्यांना हे सांगणार नाही, मेली तरी सांगणार नाही. सर चांगले असले तरीही नाही.

आमच्या शाळेत पालकसभेत विषय काढला आणि कवायतीचा ड्रेस गडद निळा झाला. विरोध होईल असं वाटलं होतं. आया उलट खूश झाल्या, दर आठवड्याचं पांढरं धुणं वाचलं म्हणून. शासनाचा एक पैसा लागला नाही.

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, मानसशास्त्राचा पेपर असतो. बहुतेक जण तो गाइड वाचून सोडवतात आणि विसरून जातात. त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये लिहून ठेवलं की वयात येणाऱ्या मुलांना सतत वाटत असतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. याला त्यांनी काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. आमच्या मैदानावर हा प्रेक्षक काल्पनिक नसतोच. तो रस्त्याकडच्या भिंतीवर पाय सोडून बसलेला असतो आणि त्याच्या हातात मोबाइल असतो. पोरगी खुंटाकडे सूर मारते आणि वरून कुणीतरी ते चित्रित करतं. पुढे ते कुणाच्या स्टेटसला जाईल, खाली काय लिहिलं जाईल, कुणास ठाऊक. आणि ते घरी भावाच्या नजरेस पडलं तर? त्या भिंतीवरच्या पोरांना आम्ही कितीदा उठवलं. ती पुन्हा येऊन बसतात, कारण भिंत गावाची आहे. शेवटी एका पालकानं शेतातलं जुनं हिरवं शेडनेट आणून दिलं, ते त्या बाजूनं बांधलं. मुलींना झाकायचं आणि बघणारे मोकळे, हे मला पटत नाही, आजही नाही. पण नेट बांधल्यावर पोरी मोकळ्या आवाजात ‘खो’ द्यायला लागल्या, हे मी कानांनी ऐकलं आहे. आधी तो आवाज पंचाला ऐकू जायचा नाही आणि फाउल व्हायचा.

आता मुलांकडे वळते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. त्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. आधी पावलं आणि हातपाय लांबतात, धड मागून येतं. सातवीत चपळ असलेला मुलगा नववीत खुंटाजवळ वळताना घसरायला लागतो, लांब उडीला त्याची पावलं पट्टीवर बसेनाशी होतात. शरीर नवं आणि मेंदूकडे माप जुनं. हे काही महिन्यांत आपोआप जुळतं. तेवढे महिने त्याला कुणी थांबू देत नाही. ‘माज आलाय’, ‘लक्ष कुठंय तुझं’, ‘लई शिंगं फुटली’ हे ऐकून तो निघून जातो. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या टोकाशी, दुखरा उंचवटाही येतो. वाढत्या हाडावर स्नायूचा ताण पडून होणारा हा त्रास वैद्यकशास्त्रात ऑसगुड-श्लॅटर म्हणून ओळखला जातो. उड्या आणि पळणं कमी केलं की दुखणं उतरतं आणि वाढ पूर्ण होईपर्यंत बहुतेकांचा त्रास बरा होतो. मैदानावर त्याचं निदान ‘नाटकं करतोय’ असं होतं.

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय जन्मदाखल्यावरून ठरतं, तारीख १ जानेवारी धरतात. एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं शरीरानं एकमेकांपासून तीन-चार वर्षं लांब असू शकतात, हे दाखल्याला कळत नाही. चौदा वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेला एक आणि आवाजही न फुटलेला एक, असे शेजारी उभे असतात. (वयाची चोरी हा वेगळा विषय. त्यावर लिहिलं तर मला तालुक्यात राहू देणार नाहीत.) निवड अर्थातच थोराडाची होते. उशिरा वाढणाऱ्याला वाटतं आपल्यात काही नाही, आणि दोन वर्षांनी तो ताडमाड झालेला असतो तेव्हा मैदान सोडून त्याला तितकाच काळ लोटलेला असतो. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकादम्यांनी साधारण दहा वर्षांपूर्वी यावर एक प्रयोग सुरू केला. मूल मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज बांधायचा, त्यातली किती टक्के उंची आज गाठली आहे ते काढायचं आणि त्यानुसार गट पाडून काही सामने खेळवायचे. मागं राहणारी पोरं पहिल्यांदा पुढाकार घेऊ लागली आणि नुसत्या ताकदीवर जिंकणाऱ्या थोराड पोरांना कौशल्य वापरावं लागलं. आपल्याला इतकं नको. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना आहेच. तो गेल्या वर्षीच्या आकड्यात अंदाजे दोन मिळवून न भरता दर तीन महिन्यांनी टेपनं मोजून भरला, तर कोण झपाट्यानं वाढतंय आणि कुणाला सध्या जपायचं हे कुठल्याही शिक्षकाला दिसेल.

वजनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. शालेय कबड्डीला वजनाची अट असते. स्पर्धेच्या सकाळी काट्यापुढे मुलींची रांग लागते आणि आकडा मोठ्यानं पुकारला जातो, नोंद घेणाऱ्याला दोन टेबलांपलीकडे ऐकू जावा म्हणून. कागदावर लिहून द्यायला किती वेळ लागतो?

आणि आमची जीभ. मैदानाच्या कडेवरून काय काय ओरडलं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘बांगड्या भर’ हे त्यातलं सौम्य. मुलाला हिणवायला ‘पोरीसारखा पळतोस’ म्हणायचं आणि शेजारच्याच मैदानावर पोरी बसलेल्या असतात, त्यांनी ते ऐकून काय समजायचं? चूक झाली की मैदानाला पाच चकरा. पळणं ही शिक्षा असेल तर त्या मुलाला पळण्याची गोडी कशी लागावी? गुकेश १८व्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला, तेव्हा मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन हे प्रशिक्षक त्याच्या सोबत होते. पॅरिसला कांस्य जिंकणाऱ्या आपल्या हॉकी संघासोबतही तेच होते. मोठ्यांना मनाच्या तयारीचा प्रशिक्षक आणि चौदा वर्षांच्या लेकराला चारचौघांत शिवी, असा आपला हिशोब आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर बरीच वर्षं काम केलं. काही प्रशिक्षकांना त्यांनी हंगामाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं. प्रयत्नाला दाद द्या, चूक झाली की आधी धीर आणि मग नेमकी सूचना द्या, टोमणा आणि शिक्षा टाळा, एवढाच त्याचा गाभा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामाला आली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची गळती फक्त ५ टक्के होती. दोन्हीकडच्या संघांचं सामने जिंकण्या-हरण्याचं प्रमाण मात्र सारखंच होतं. शिस्त सैल पडली की संघ हरेल, असं म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

जिल्हास्तरावरच्या सामन्याआधी पोरींचे हात थंड पडतात, त्या पुन्हा पुन्हा लघवीला जायचं म्हणतात, जांभया देतात. ‘आत्ताच सुचतंय का’ म्हणून त्यांच्यावर खेकसणारे प्रशिक्षक मी दर वर्षी पाहते. अरे, ती भीती पोटात उतरलेली असते. अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून काही होत नाही. मी त्यांना श्वास सावकाश सोडायला लावते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात करायचं एकच काम सांगते: पहिल्या तुकडीतल्या कुठल्या पळणारीला खुंटाकडे रेटायचं, एवढंच. हाताला काम मिळालं की मन तिकडे जातं. ते चुकलं तरी त्या सामन्यात तिला काही बोलायचं नाही, हा करार खेळाडूबरोबरच तिच्या वडिलांशीही करावा लागतो. वडिलांशी करणं अवघड.

जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून दर वर्षी स्पर्धांच्या नियोजनासाठी क्रीडाशिक्षकांच्या बैठका होतात. प्रवेशिका, ओळखपत्रं, तारखा यांत सगळा वेळ जातो. त्यातलाच अर्धा दिवस या गोष्टींसाठी काढावा, बाहेरून वक्ता नसला तरी चालेल, आमच्यातल्या जुन्या शिक्षिकांना बोलतं करावं, अशी माझी मागणी आहे आणि ती मी लेखी दिली आहे.

एक मागणी तुमच्याकडेही आहे, संपादकसाहेब. शालेय स्पर्धांचे निकाल तुम्ही छापता याचं मोल आम्हाला आहे, मुलं ती कात्रणं वर्षानुवर्षं वहीत जपतात. पण अमुक शाळेचा ‘धुव्वा’, तमुक शाळेला ‘धूळ चारली’, ‘लाजिरवाणा पराभव’ हे शब्द तेरा-चौदा वर्षांच्या लेकरांसाठी वापरू नयेत. हरलेल्या शाळेतही तुमचा अंक येतो आणि तो प्रार्थनेनंतर सूचनाफलकावर लावला जातो. शक्य असेल तर हरलेल्या संघातल्या एखाद्या पोरीचा चांगला खेळ एका ओळीत द्यावा. बातमीदाराला ते नाव सामना संपल्यावर कुठलाही पंच सांगेल.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका, जि. धाराशिव
(नाव व शाळा छापू नये, ही विनंती.)