शिंगराच्या पाठीवर घाई कशाला?

महोदय,

शिंगरू २ वर्षांचे झाले, अंगाने भरले, की लगेच खोगीर चढते. पण उंची फसवी असते. पुढच्या गुडघ्यावरची हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत पुरी होते; पाठीच्या मणक्यांना मात्र ५-६ वर्षे लागतात, आणि स्वार बसतो नेमका तिथेच! म्हणून त्याला ठाणावर बांधून ठेवा असे नव्हे. मोकळ्या धावण्यानेच हाड बळकट होते. लहान रिंगणात तासन्तास फिरवणे तेवढे टाळावे.

पाय दुखतो आहे का हे कळायला घोड्याला कडक जमिनीवर दुडकी चालवून पाहा. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. असे दिसताच ‘खोडी काढतोय’ म्हणून चाबूक न उगारता पशुवैद्याला बोलवावे.

– एक घोडेस्वार