आई-बाबा, परीक्षेचे पैसे परत पाठवलेत

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा, तुम्ही "पैशाचं तू बघू नको" म्हणून फोन आईकडं देता आणि आई लगेच जेवलीस का विचारती, मग राहूनच जातं. म्हणून लिहायलेय. आई, बाबांना मोठ्यानं वाचायला लाव, मधलं काही गाळू देऊ नको.

बाबा, तुम्ही पाठवलेले 30 हजार आज सकाळी तुमच्या खात्यावर परत टाकलेत. रागवू नका. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन काळं पडलं, कापसाची बोंडं झाडावरच सडली, हे तुम्ही मला सांगितलं नाही तरी काकूनं सांगितलंय. त्यातून उरलेल्या पैशानं मी परीक्षेची फी भरू? माझ्या सीसीएनएची, म्हणजे सिस्को कंपनीच्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या सर्टिफिकेटची, तीन वर्षं ह्या महिन्यात संपतात आणि तुम्हाला वाटतं, परत परीक्षा दिली नाही तर पोरीची नोकरी जाईल. तसं काही नाही. मी ती परीक्षा आत्ता देणार नाहीये, तसं ठरवूनच टाकलंय.

आणि दुसरं, पुण्याची नोकरी सोडली. राजीनामा देऊन झाला, 28 तारीख शेवटची. 1 डिसेंबरपासून संभाजीनगरात कामाला लागायलेय.

आता दोघं एकमेकांकडं बघू नका, आधी पूर्ण वाचा. कंपनी छोटी आहे, नऊ-दहा माणसं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत नेटवर्क टाकायचं, चालू ठेवायचं, बिघडलं की जाऊन दुरुस्त करायचं, हे काम. पगार आठ हजारानं कमी आहे, खोटं सांगत नाही. पण हिंजवडीला एका खोलीत तिघी राहून 9 हजार भाडं आणि रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये. तिथं सिडकोत एन-7 ला खोली बघितलीय, मालकीणबाई खालीच राहतात, चोवीस तास पाणी नाही पण टाकी मोठी आहे, डबा शेजारच्या गल्लीतून येतो आणि भाकरी ज्वारीची असती, आई, चपात्याच नाहीत नुसत्या. आणि अंबडला घरी दर शनिवारी. पुण्याहून मी वर्षात किती वेळा आले ते मोजलं, चार. बाबांची बीपीची गोळी बदलली ते मला दीड महिन्यानं कळलं. ते माझ्या मनाला लै लागलंय.

पण मी तुमच्यासाठी म्हणून यायले असं समजू नका, नाहीतर गावभर म्हणत बसाल की पोरगी आमच्यामुळं मागं राहिली. मी माझ्यासाठी यायलेय. कारण काय, तर माझ्याकडं कागद आहे, काम हाताला नाही.

बाबा, एक गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवलीय. 2022 ला मी सीसीएनए पास झाले तेव्हा तुम्ही शाळेत पेढे वाटले, फ्रेम करून हॉलमध्ये तुमच्या आदर्श शिक्षक पुरस्काराशेजारी लावलं. त्या परीक्षेची फी 300 डॉलर, वर जीएसटी, ते पैसे तुम्ही कुठून आणले तेही मला माहितेय. ती परीक्षा मी डम्प पाठ करून दिली. डम्प म्हणजे परीक्षेत पडणारे प्रश्न उत्तरांसकट पीडीएफमध्ये मिळतात, क्लासवाल्यानंच दिलं, सगळ्यांनी घेतलं, मीही घेतलं. दीड महिना पाढे म्हणावेत तसं पाठ केलं. नियमात ते बसत नाही, कळलं तर सर्टिफिकेट काढून घेतात. दहावीच्या केंद्रावर कॉपी पकडायला जाणाऱ्या माणसाची पोरगी मी. तुम्हाला फसवायचं मनात नव्हतं बाबा. भीती वाटत होती, पैसे वाया जातील म्हणून.

त्याचं काय झालं ते मार्चमध्ये कळलं. चाकणच्या एका कारखान्यात मला दोन दिवस पाठवलं, नेहमीचा इंजिनिअर आजारी होता म्हणून. सकाळी साडेनवाला सगळं नेटवर्क बसलं. लेबलचे प्रिंटर बंद, बिलं निघेनात, गेटवर ट्रक उभे. मी लॅपटॉप उघडून कमांड टाकायले, स्क्रीन हलेना, हाताला घाम सुटला. तिथं कंत्राटावरचा एक पोरगा होता, आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. त्यानं रॅकचं दार उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला. स्विचवरचे, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथं जोडतात त्या पेटीवरचे, सगळे हिरवे दिवे एकाच तालात, थांबायचं नाव न घेता लुकलुकत होते. म्हणला, मॅडम, काल झाडताना कुणी वायर हलवली का? आणि सरळ पॅकिंगच्या टेबलाखाली घुसला. तिथं आठ पोर्टचा, म्हणजे वायरीसाठी आठ भोकं असलेला, साधा स्विच. झाडणाऱ्या मावशींना एक वायर लोंबकळताना दिसली, त्यांनी चांगल्या मनानं ती मोकळ्या भोकात खोचून ठेवली, पण तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. पोरानं ती उपसली. मिनिटभरात दिवे आपापल्या चालीनं मिचमिचायला लागले आणि पहिल्या प्रिंटरातून कर्र करत लेबल बाहेर आलं.

बाबा, तुम्हाला वर्गातलं सांगते. एक पोरगं ओरडतं "गप बसा रे", ते ऐकून बाकीचे ओरडतात "गप बसा रे", त्यांचं ऐकून परत पहिला, मग ते थांबतच नाही आणि सरांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. त्याला लूप म्हणतात. मोठ्या स्विचमध्ये तो अडवायची सोय असती, स्पॅनिंग ट्री नावाची, असल्या स्वस्त स्विचमध्ये बहुतेक नसती. हे सगळं मला येत होतं! परीक्षेत ह्याच्यावरच प्रश्न आले होते आणि माझी उत्तरं बरोबर होती. पण दिवे कसे दिसतात ते मी कधी बघितलेलंच नव्हतं. त्या पोराला स्पॅनिंग ट्री हे नावसुद्धा माहीत नव्हतं, मी जेवताना त्याला समजावून सांगितलं तर त्यानं लगेच वहीत लिहून घेतलं. आणि मी त्याच्याकडून वायरीला जॅक बसवायला शिकले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला पाठ होता, पण बोटांना पहिला जॅक नीट जमायला सात जॅक वाया गेले. आमच्या कंपनीत मला हे कधी करायला मिळालंच नसतं. टेंडरमध्ये सर्टिफाइड इंजिनिअर म्हणून माझं नाव लावायचे आणि मी दिवसभर एसीत बसून तिकिटं, म्हणजे कॉम्प्युटरवर आलेल्या तक्रारी, बंद करायचे.

सर्टिफिकेट फालतू असतं असं मी म्हणत नाहीये, तुमचे पैसे वायाही गेले नाहीत. जालन्याच्या कॉलेजातल्या पोरीला पुण्यात इंटरव्ह्यूला बोलावलंच त्या कागदामुळं. हजार बायोडेटा आले तर एचआरवाल्यानं कुणाचे हात बघायचे? टेंडरवालेही तेच मागतात. पण दारातून आत घेण्यापलीकडं ते काही करत नाही, आणि तेही तीन वर्षंच. पिंटूदादानं हौसेनं एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट केलं होतं, त्यांनी 2021 च्या जानेवारीत ते देणंच बंद केलं, तरी दादाचं काही अडलं नाही, कारण पंधरा वर्षं सर्व्हर त्याच्या हाताखालून गेलेत.

मी परीक्षा देणारच आहे, पण वर्ष-दीड वर्ष काम केल्यावर, आणि ती लिनक्सची, म्हणजे विंडोजसारखंच सर्व्हर चालवणारं जे असतं त्याची, रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए. तिच्यात पर्यायवाले प्रश्न नसतात. चालू मशीन समोर देतात, तीन तास, करून दाखवा. 300 पैकी 210 मिळाले तर पास. आणि तुम्ही केलेलं काम मशीन बंद करून परत चालू केल्यावरही टिकलं पाहिजे, नाहीतर त्याचे मार्क नाहीत. असं पाठ करून चालत नाही. त्याची फी मी माझ्या पगारातून भरणार.

बाबा, तुम्हीसुद्धा एमएस-सीआयटी केलं होतं ना, वेतनवाढ अडकू नये म्हणून. रात्री मला माउस धरायला लावून बघत बसायचात. चांगले मार्क पडले, पण शाळेतल्या कॉम्प्युटरवरचा कपडा कुणी काढला नाही, कारण लाइटच नसायची. तुमचा त्यात दोष नव्हता. पण फ्यूज? मी सातवीत होते, मोसंबीची बाग तोडली त्याच वर्षी. रात्री लाइट गेली, तुम्ही बॅटरी धरली आणि फ्यूजची तार मला घालायला दिली. आई ओरडत होती पोरीला शॉक लागंल. तुम्ही म्हणालात, मेन स्विच मी बंद केलाय, तू हात लावून खात्री कर आणि मग घाल. तार दोनदा तुटली. तुम्ही बॅटरी हलू दिली नाही. लाइट आली तेव्हा आईनं मला जवळ ओढलं, तुझ्या पदराला चुलीचा वास होता आई, तो अजून येतो मला.

तर आता ऐका. बाबा, गोळी सकाळी नाश्त्यानंतर, विसरलात तर रात्री दोन घ्यायच्या नाहीत. लोणचं बंद म्हणजे बंद, आईनं वाढलं तरी. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता, आणि पाण्याच्या कळशा आता तू उचलायच्या नाहीत. परत आलेले पैसे बियाण्याला ठेवा, कुणाला उसने देऊ नका, कुणाला ते तुम्हाला कळलं. लग्नाच्या स्थळवाल्यांना कंपनी छोटी आहे हे आधीच सांगून टाका, मला चालतं.

फ्रेम ठेवायची का काढायची ते बाबा तुम्ही ठरवा. काढली तरी मला वाईट वाटणार नाही. बोलणं मात्र सोडू नका माझ्याशी.

6 तारखेच्या शनिवारी येते, दुपारपर्यंत. वायर आणि जॅक घेऊन येते, माडीवर वायफाय पोचत नाही म्हणता ना, तुमच्या टेबलापर्यंत लाइन टाकून देते. हॉलमधली ट्यूबही मीच बदलणार. तोवर बाबा, स्टुलावर चढायचं नाही. आई, तू लक्ष ठेव.

तुमची,
मनी