मेणवलीच्या घाटावरच्या मावशी आणि दोन पोरांना

गेल्या रविवारी बाबांना मेणवलीला नेलं होतं. नाना फडणवीसांचा वाडा पाहून कृष्णेच्या घाटावर उतरलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची पोर्तुगीज घंटा तिथे आहे, ती त्यांना बघायची होती. बघून झाली आणि शेवाळावर पाय सरकला. घोटा बघता बघता टम्म सुजला. ७७ वर्षांचा माणूस, वर चढायच्या एवढ्या पायऱ्या, आणि माझ्या फोनला रेंज नाही.

कपडे धुणाऱ्या मावशींनी नुकताच पिळून ठेवलेला टॉवेल पुन्हा नदीत बुडवून घोट्याला गुंडाळला. दोन पोरं पळत जाऊन प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि बाबांना खुर्चीसकट, एकेक पायरी मोजत वर नेलं. मध्ये दम खायला थांबल्यावर एकजण म्हणाला, "आजोबा, नानांची पालखी पण अशीच जात असेल." कण्हणारे बाबा चक्क हसले. (खरंखोटं नाना जाणोत.)

हाड शाबूत आहे. गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली, म्हणून इथेच तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आणि मावशी, तुमचा टॉवेल धुऊन ठेवलाय, पुढच्या महिन्यात घेऊन येते.