पूररेषा नकाशावर आहे, ओत कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सांगलीत जो भेटेल तो विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती? 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका हे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मात्र आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या ओतातून, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक नाल्यातून, नदीला मिळते, हे फार थोड्यांना सांगता येईल. शहराच्या नियोजनाचा अभ्यास इथूनच सुरू व्हायला हवा.

पुराचे पाणी कुठवर येते हे दाखवणाऱ्या पूररेषा दोन: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यावरून लोक समजतात की 2019 चा महापूर होऊन गेला, आता शंभर वर्षे घोर नाही. खरा अर्थ असा की लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती 26 टक्क्यांवर जाते. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही महापूर एकाच पिढीने पाहिले आहेत.

निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच ठेवले तर परवानगी मिळू शकते. घोळ इथे होतो. उंची गाठायची म्हणून मालक मुरूम टाकून अख्खा प्लॉट भरतो. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. तो मीटरभर भरला की एक लाख लिटर पाण्याची जागा गेली आणि ते पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी आले. पुढच्या वर्षी शेजारीही भराव टाकतो. घर खांबांवर उचलून खालची जमीन मोकळी ठेवण्याची अट परवान्यातच घालायला हवी.

ओत मोकळे असते तर 2019 चा महापूर टळला असता, असे आम्ही म्हणणार नाही. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या त्या पाण्यापुढे शहरातले ओत किरकोळच. पण नदी उतरल्यावर शामरावनगरासारख्या सखल भागात पाणी दिवसेंदिवस का तुंबते, याचे उत्तर बुजलेल्या ओतांतच सापडते. 4 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल ओताला 6 चौरस मीटर वाट असते. त्यावर रस्ता करताना 900 मिलिमीटरचे दोन पाइप टाकले, तर उरते जेमतेम सव्वा चौरस मीटर. त्यात प्लास्टिक अडकले की तीही गेली.

हे शोधायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा पुरत नाही. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या 20 मीटर फरकाने असतात आणि इथे अर्ध्या मीटरच्या फरकाने घर बुडते. आधी भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा आणि गटाचे टिपण काढावे, त्यावर ओत आखावेत. मग लेव्हल यंत्राने दर 30 मीटरवर तळाची पातळी घ्यावी, रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीची रुंदी आणि उंची मोजावी. तळ जिथे नदीच्या दिशेने उतरण्याऐवजी चढतो, तिथे भराव झालेला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी एका उन्हाळ्यात दोन-तीन ओतांचे काम सहज करतील.

कारभाराचे त्रांगडे वेगळेच. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, बांधकाम परवाना महापालिका देते, सातबारा महसूल खात्याकडे, मोजणी भूमी अभिलेखाकडे. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट, नियमित करताना 2001 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना सवलत मिळाली, पण त्या प्लॉटखालून ओत जातो का हे ठामपणे सांगणारा एकही कागद या सगळ्यांकडे मिळून नसतो. म्हणून मोजलेला प्रत्येक ओत त्याच्या रुंदीसह विकास आराखड्यात दाखवला पाहिजे.

त्यासाठी 1966 च्या नगररचना कायद्यातील कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल करता येतो. त्याची सूचना प्रसिद्ध झाली की हरकतींना महिनाभराची मुदत असते. हरकत लेखी द्यावी, गट क्रमांक, ओताची मोजलेली रुंदी आणि तळाची पातळी लिहावी, मोरीचा फोटो जोडावा, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे. ‘ओत वाचवा’ एवढेच लिहिलेली हरकत सुनावणीत टिकत नाही.

आपला,
नगररचनेचा एक अभ्यासक, सांगली