उपवासाचा शिधा कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढी जवळ आली की पेपरात, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे उपवासाच्या रेसिपी सुरू होतात, वरईचा डोसा, रताळ्याचे गुलाबजाम, आता तर उपवासाचा पिझ्झा पण आलाय. खाणाऱ्यांना मला नावं ठेवायची नाहीत, वारीत चालणाऱ्याच्या पोटात काहीतरी हवंच. पण एकादशीला रोजच्यापेक्षा जास्त खर्च होत असेल तर आपण त्या दिवशी सोडलं काय, हे मला बरेच दिवस विचारायचं होतं.

माझ्या सासूबाई एकादशीला घरातल्या माणसांचे तांदूळ, ज्वारी रोजच्या मापानेच काढायच्या पण वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि द्वादशीला पारणं सोडायच्या आधी तो शिधा कुणालातरी जायचा, दारावर आलेल्याला नाहीतर गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीला. तो गेल्याशिवाय त्या घास घ्यायच्या नाहीत. लहान पोरांना पण हे कळायचं, कारण डबा रिकामा झालेला त्यांना दिसायचा. दुपारी चारला पोटात खड्डा पडतो ना, तेव्हा ज्याचा रोजच पडतो तो माणूस आठवला पाहिजे, मला तरी उपवास एवढाच समजलाय. पंढरपूरजवळ मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं नाव आजही घेतात ते दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली म्हणूनच ना.

आमच्या सोलापुरात रमजान पण जवळून बघायला मिळतो. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, घरातल्या माणशी ठरलेलं धान्य किंवा तेवढे पैसे, अगदी तान्ह्या बाळाच्या नावाचा सुद्धा, म्हणजे गरिबाच्या घरी पण ईद होते. आणि ज्याला म्हातारपणामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा झेपतच नाही त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदया म्हणतात. मला हे फार पटतं. आपल्याकडे शुगरची गोळी चालू असलेल्या बायका चक्कर येईपर्यंत उपवास ओढतात, डॉक्टर ओरडतात, मुली ओरडतात, पण मोडला तर पाप लागेल ही भीती. त्यांना कोणीतरी हक्काने सांगायला पाहिजे की काकू तुम्ही वेळेवर जेवा आणि एका माणसाचा शिधा द्या, विठ्ठलाला पोचलं.

१९६५ साली युद्ध आणि धान्याची टंचाई असताना लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा लोकांनी ऐकलं, सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायची. आपलं एक वेळचं न खाणं दुसऱ्याच्या पोटासाठी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून जमलं.

तर विनंती एवढीच की यंदा आषाढीच्या पुरवणीत रेसिपींच्या बाजूला एक चौकट द्या, आपल्या जिल्ह्यात कोणत्या अन्नछत्रात, वसतिगृहात, वृद्धाश्रमात कोरडा शिधा घेतात, किती वाजेपर्यंत आणि नेमकं काय लागतं, कारण बऱ्याच जणांना द्यायचं असतं पण कुठे नेऊन द्यायचं तेच माहीत नसतं. श्रावण सोमवार आणि नवरात्रात पण तीच चौकट परत छापता येईल.

आपली,
एक नियमित वाचक, सोलापूर